छापखान्याच्या गच्चीवरचा बहिरा मनोरा

४ फेब्रुवारी, रविवार

मनोऱ्यावर चढणाऱ्या भावांनो, आणि नियंत्रण कक्षात पडद्याकडे बघून डोळे फोडून घेणाऱ्या बहिणींनो! फोन लागला की श्रेय यंत्राचं, आणि फोन तुटला की दोष तुमच्या हाताचा. हा न्याय आपण किती दिवस मुकाट गिळायचा?

सुरुवात बरी जमली आहे. सभेला अजून वेळ आहे, पण भाषण डोक्यात घोळायला लागलं की मला इथे उतरवून ठेवावं लागतं, नाहीतर झोप लागत नाही. संघटनेचा चिटणीस झालो तेव्हा केस काळे होते. आता आरशात बघायचंही टाळतो.

प्रकरण असं आहे. बंद पडलेल्या छापखान्याच्या गच्चीवर आपला मनोरा आहे. तिथले जुने रेडिओ काढून दोन महिन्यांपूर्वी नवे बसवले. पूर्वी रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांना दोन डबे लागायचे, आता एकाच डब्यात दोन्ही. तेव्हापासून त्या भागातल्या लोकांना पलीकडचं सगळं ऐकू येतं, पण त्यांचं बोलणं पलीकडे पोचत नाही. मनोरा बोलतो खणखणीत, ऐकत मात्र नाही; पडद्यावर त्याच्या कानात नुसता गोंगाट दिसतो.

कंपनीने कारण शोधलं ते नेहमीचंच: कनेक्टर सैल आवळले. म्हणजे ते बसवणारी घोरपडीची टोळी कामचुकार. २३ तारखेला साहेबासमोर सुनावणी आहे. तोवर दोष दुसरीकडे दाखवता आला नाही तर चौघांनाही कामावरून काढणार. घोरपड वीस वर्षं मनोऱ्यांवर चढतोय. कुठेही चिकटून राहतो म्हणून हे नाव पडलं, आणि खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल.

त्याला मी सोडवणार. हे लिहून ठेवतो.

७ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर छापखान्याच्या गच्चीवर. खाली शाईचा वास अजून आहे, वर डांबर तापून चपलेला चिकटतं. घोरपड वर गेला, प्रत्येक कनेक्टर उघडला, पुसला, पुन्हा बसवून मापाच्या पान्याने आवळला. तो पाना ठरलेल्या जोराला टक् करतो. गच्चीवर बसून मी प्रत्येक टक् ऐकली.

मग चाचणी. रेडिओपासून निघालेल्या केबलच्या शेवटाला अँटेना असते. ती सोडवून तिथे एक लहानसा डबा लावायचा, त्याला आम्ही लोड म्हणतो. लोड सगळी शक्ती गिळून टाकतो, हूं की चूं करत नाही. मग केबलमध्ये कुठे खोट असेल तर कळते. चाचणी पास झाली, आकडे गंगेसारखे स्वच्छ.

नियमाने त्यानंतर अँटेना जोडून पुन्हा चाचणी घ्यायची असते. पण त्यासाठी मनोरा अर्धा दिवस बंद ठेवावा लागतो आणि कंपनी तेवढा वेळ देत नाही. म्हणून सगळ्या टोळ्या लोडवर चाचणी घेतात आणि कागदावर ‘अँटेनासह’ असं लिहून मोकळ्या होतात. सगळीकडे हेच चालतं. त्यात कोणाला काही वाटतही नाही.

जेवताना घोरपड म्हणाला की नवा डबा एवढा तापतो की त्यावर हात ठेवला तर हातावरची रेषा बदलेल. मी म्हटलं, तुझी रेषा साहेब बदलायला बसलाय, डब्याची वाट कशाला बघतोस? तो हसला. हसताना त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, ते मला आवडलं नाही.

केबल स्वच्छ, कनेक्टर स्वच्छ, तरी अँटेना परत जोडल्यावर गोंगाट तसाच. तर दोष रेडिओचाच. घाईघाईत बनवलेला माल आपल्या माथी मारलाय. सुनावणीचा मुद्दा ठरला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. ती परगावी प्रयोगशाळेत रेडिओचे अॅम्प्लिफायर बनवते, आणि नशिबाची थट्टा अशी की हे नवे डबे तिच्याच कंपनीचे. लहानपणी ती माझ्यासोबत मनोऱ्यांवर यायची, खाली बसून वायरींचे तुकडे जोडायची. आता ती ज्या धातूबद्दल बोलते त्याचं नाव मला दोनदा विचारावं लागतं. अर्ध्या विजेत तेवढीच ताकद, म्हणाली, पुढची दहा वर्षं याच्यावर चालतील. तिच्या आवाजात हुरूप होता. माझ्या वयात हुरूप ऐकला की आधी खिसा चाचपावासा वाटतो.

मी तिला मनोऱ्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “बाबा, मनोऱ्याची शक्ती कमी केली की गोंगाट किती कमी होतो?”

मी म्हटलं, शक्ती कमी करायची परवानगी नाही, आणि प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की खराब मालाचा दोष मजुराच्या माथी का? मग मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं: कंत्राटं कशी दिली जातात, कारखान्यात तपासणी कशी उरकली जाते, आणि गेल्या पन्नास वर्षांत प्रत्येक नव्या यंत्राबरोबर कुणाचा तरी जुना हात कसा छाटला गेला. बोलता बोलता बराच वेळ गेला. तिच्याकडून काहीच आवाज नाही. दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, “आहे मी, बाबा. अजून एक सांगायचं होतं...” आणि थांबली. मी म्हटलं, बोल, माझं ऐकू येतंय ना? ती म्हणाली, राहू दे, नंतर.

आमचं घर त्याच मनोऱ्याच्या हद्दीत. तिचा आवाज इकडे खणखणीत येतो, पण माझा तिकडे पोचत नसणार. बघा, घरातच पुरावा. हे भाषणात घेता येईल: बापाचा आवाज लेकीपर्यंत पोचत नाही असं हे यंत्र!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबाकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही, फक्त भिंतीवरच्या नकाशाला नवस बोलून बसलाय. नकाशा हिरवा म्हणजे सिग्नल जोरात. छापखान्याचा भाग सगळ्यात हिरवा, कारण नव्या डब्याची शक्ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली आहे. मी म्हटलं, साहेब, हिरवं आहे पण पीक नाही. तो म्हणाला, तक्रारी आहेत हे मान्य, पण रेडिओ कारखान्यातून तपासून आलाय आणि त्याचा दाखला माझ्याकडे आहे. तुमच्या माणसांच्या हाताचा दाखला कुणाकडे आहे?

तेव्हा मी बोललो. उभा राहून बोललो. दार उघडं होतं, बाहेरच्या मेजांवरची माणसं थांबून ऐकत होती. मी म्हटलं की उंचावर वाऱ्यात लटकणाऱ्या माणसाच्या हाताचा दाखला म्हणजे तो जिवंत खाली उतरतो हा. शेवटी काहींनी टाळ्या वाजवल्या.

साहेबाने पाणी पुढे केलं आणि म्हणाला, सुनावणी २३ लाच आहे.

घरी येताना वाटलं, टाळ्यांनी पोट भरत नाही हे कळायला एवढी वर्षं लागावीत?

१४ फेब्रुवारी, बुधवार

बायको सांगते की लेकीने तिला आज तीनदा फोन केला. मला नाही. मी म्हटलं, कामात असेल. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, कामात असलेली मुलगी तीनदा फोन करत नाही.” म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही, आणि मला कागदपत्रं लावायची होती.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

घोरपड घरी आला. हा माणूस मनोऱ्याच्या टोकावर सरळ उभा राहतो आणि माझ्या दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसतो. चहा घेतला. मुलाच्या शाळेचं, छताच्या गळतीचं, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, भाऊ, सुनावणीत लोडचं सांगून टाकू का? चाचणी अँटेना जोडून घेतली नव्हती, हे आपणच बोलून टाकू.

मी त्याला गप्प केलं. समोरच्याच्या हातात तलवार द्यायची आणि मग मान पुढे करायची, हा कुठला शहाणपणा? शिवाय लोडवर तर सगळेच घेतात. सुनावणीत एक शब्दही बोलू नकोस, बोलायचं काम माझं, असं बजावलं. त्याने बशीतला चहा संपवला. म्हणाला, लेक काय म्हणते, तिला विचारलं का? मी म्हटलं, ती त्या कंपनीची माणूस, ती काय बोलणार. त्याने बशी खाली ठेवली. तो मुळात कमी बोलतो. अशा लोकांसाठीच तर माझ्यासारख्याने बोलायचं असतं.

जाताना दारात त्याने बायकोशी दोन शब्द हळू आवाजात बोलून घेतले. वहिनीचा मान ठेवणारा माणूस आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज जे कळलं ते नीट लिहितो, कारण अजून माझाच विश्वास बसत नाही.

काल रविवारी दुपारी मी भाषण लिहीत बसलो होतो आणि तिकडे छापखान्याच्या गच्चीवर माझ्याशिवाय सगळे होते. घोरपड वर, नियंत्रण कक्षातली ताई पडद्यावर, आणि फोनवर आमची लेक. नंबर बायकोने दिला. लेक घोरपडीला काका म्हणते, लहानपणापासून.

तिने एवढंच सांगितलं की शक्ती अर्धी करा आणि गोंगाट मोजा. ताईने साहेबाच्या नकाशाची पर्वा न करता शक्ती अर्धी केली. रेडिओच खराब असता तर गोंगाट थोडाफारच हलला असता. तो धाडकन खाली आला, अर्ध्याच्याही कितीतरी खाली. लेक म्हणाली, म्हणजे गोंगाट बाहेरून येत नाही आणि डब्यातही नाही. मनोरा स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतोय. दोन पट्ट्यांचे दोन सूर कुठेतरी गंजलेल्या सांध्यावर आदळतात, तिथे त्यांचा तिसरा सूर तयार होतो, आणि तो नेमका मनोऱ्याच्या कानात पडतो. लोकांचे फोन मुंगीच्या आवाजात बोलतात, ते या कल्लोळात कसे ऐकू येणार? जितक्या जोरात मनोरा बोलेल तितका तो जास्त बहिरा होईल.

मग घोरपड काठी घेऊन गच्चीवर प्रत्येक लोखंडावर टक टक करत फिरला आणि ताई पडद्याकडे बघत राहिली. अँटेनाच्या अगदी समोर जुन्या अँटेनाचा लोखंडी सांगाडा तसाच उभा आहे. तो खाली उतरवायचं काम कंत्राटात धरलं नव्हतं, म्हणून तसाच ठेवायला सांगितलं होतं. त्याचे बोल्ट गंजून भुगा झाले आहेत. काठी लागली की पडद्यावरचा आकडा उडी मारायचा. टोळीतल्या चौघांनी तो सांगाडा खोलून खाली आणला, आणि शक्ती पुन्हा पूर्ण केली तरी गोंगाट परत आला नाही.

म्हणजे कनेक्टर निर्दोष, टोळी निर्दोष. रेडिओही निर्दोष, हे लिहिताना पेन अडखळलं, पण लिहितो.

मला कळवलं नाही याचं वाईट वाटलं. बायको म्हणाली, तुम्ही लिहीत होता, तुमची तंद्री मोडू नये म्हणून. ते खरं आहे. लिहिताना मला व्यत्यय चालत नाही, आणि घरात सगळे ते सांभाळतात.

लेक घोरपडीला म्हणाली म्हणे, की पुढच्या रेडिओत असा तिसरा सूर ओळखून वजा करायची सोय ते लोक करताहेत. हा नवा शोध! गंज तसाच ठेवायचा आणि वजाबाकी करायची. यावर एक वेगळं भाषण होईल.

२० फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला फोन केला, शाबासकी द्यायला. मनोरा आता बरा झालाय, तेव्हा आवाज पोचेल अशी खात्री होती. विचारलं, आता माझा आवाज नीट येतो ना?

ती हसली. म्हणाली, “बाबा, तुझा आवाज मला नेहमीच येत होता. आईने गेल्या वर्षीच तुझा फोन घरच्या वायफायवर लावून ठेवलाय. मनोऱ्याशी त्याचा संबंधच नाही.”

म्हणजे भाषणातला तो मुद्दा गेला. बरं झालं आधी कळलं, सभेत कुणी उठून विचारलं असतं तर फजिती होती.

तिला म्हटलं, त्या दिवशी काहीतरी सांगायचं होतं ना तुला? ती थोडा वेळ थांबली. मला वाटलं तिला घोरपडीची काळजी असेल, म्हणून सुनावणीत काय काय मांडणार आहे ते सांगितलं. शेवटी म्हणाली, आईला सांगितलंय, आई सांगेल. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तिच्याच तोंडून ऐका. आता सुनावणी आटोपली की बघू. दोघींचं काहीतरी असतंच.

पण मग त्या दिवशी ती मधेच गप्प का बसत होती, हे मात्र कोडंच आहे. दमत असेल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनावणी झाली.

मी सांगाड्याचे फोटो, ताईचे आकडे, सगळं मेजावर ठेवलं आणि उभा राहिलो. पहिलं वाक्यही पुरं झालं नव्हतं. घोरपडीने माझी बाही धरली. “भाऊ, जरा बसा,” म्हणाला. वीस वर्षांत त्याने मला बसा म्हटलेलं मला आठवत नाही. मी बसलो.

तो साहेबाला म्हणाला, डबे बसवले तेव्हाही चाचणी आम्ही लोडवर घेतली. अँटेना जोडली नव्हती. कागदावर जोडली म्हणून लिहिलं, सही माझी आहे. जोडून घेतली असती तर हा सांगाडा पहिल्याच दिवशी सापडला असता आणि दोन महिने लोकांचे हाल झाले नसते. बाकीच्या तिघांनी मी सांगितलं तसं केलं.

साहेबाने विचारलं, हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं? घोरपड म्हणाला, कुणीच सांगत नाही साहेब, वेळच तेवढा देतात.

मी उठून बोललो. अर्ध्या दिवसाची परवानगी का मिळत नाही, सांगाडा कुणाच्या हुकमाने राहिला, सगळं बोललो. साहेबाने ऐकलं. मग निकाल सांगितला: टोळी राहील. खोट्या सहीबद्दल घोरपड जाईल. सोमवारपासून.

जिन्यावर मी त्याला म्हटलं, मी सांगितलं होतं बोलू नकोस. तो म्हणाला, भाऊ, तुम्ही सगळ्यांसाठी बोलता. मला एकदा माझ्यासाठी बोलायचं होतं. आणि कमरेचा पट्टा, दोरांचे आकडे, सगळं उतरवून पोरांच्या हातात दिलं. पान्याचं मात्र त्याने त्यांना पुन्हा एकदा दाखवलं, किती जोराला टक् व्हायला हवी ते.

तो पायी गेला. मी बराच वेळ फाटकात उभा होतो. असा दमलेला मी कधीच नव्हतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

उद्या सभा. जुनं भाषण फाडलं. नवं छोटं आहे. इथे उतरवतो आणि उद्या एवढंच वाचणार.

भावांनो, आपल्यातला एकजण गेला. त्याचा गुन्हा म्हणून जे नोंदलं गेलं, तो आपल्या सगळ्यांचा रिवाज आहे. या सभागृहात असा एकही टोळीप्रमुख नाही ज्याने लोडवर चाचणी घेऊन ‘अँटेनासह’ लिहिलेलं नाही. असेल तर त्याने हात वर करावा, मी त्याच्या पाया पडेन. आपण वेळ नाही म्हणून खोटं लिहिलं, आणि त्या खोट्याने कंपनीला हिरवा नकाशा मिळाला. आपल्या सहीवर त्यांनी आपलाच माणूस काढला.

मी तुम्हाला संप करा म्हणत नाही. मोर्चा नको, घोषणा नकोत, मीही बोलणार नाही. एकच करा. मंगळवारी सकाळी कामावर जाताना लोड गाडीतच राहू द्या. वर चढा, अँटेना जोडा, आणि चाचणी घ्या. मनोरा बंद ठेवावा लागला तर बंद ठेवा. अर्धा दिवस लागला तर लागू द्या. नापास झाला तर नापास लिहा आणि खाली स्वतःची सही करा. एका मनोऱ्यावर एकाने असं केलं तर त्याला काढतील. सगळ्या मनोऱ्यांवर सगळ्यांनी केलं, तर सगळ्यांना काढून कामाला माणूस उरणार नाही, आणि घोरपडीला परत बोलवावंच लागेल.

मंगळवारी सकाळी. लोड गाडीत, अँटेना जोडलेली, सही खरी. चढा.